आधी क्रेडिटचा तक्ता, मग सही : मुंबईतील प्राचार्य आणि संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मुंबई व उपनगरांतील महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक

स. न. वि. वि.

परदेशी विद्यापीठातून पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होते, टेबलावर दोन छोटे झेंडे ठेवून सह्या होतात आणि फोटो संकेतस्थळावर चढतो. मग सामंजस्य करार नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलला लागतो, कारण तिथे देशी-परदेशी करारांची संख्या विचारली जाते. पाच वर्षांनी मुदत संपते. त्या करारावर किती विद्यार्थी गेले आणि किती आले, असे विचारले तर अनेक ठिकाणी फाइल चाळूनही आकडा सापडत नाही. यात कोणाची नियत वाईट असते असे नाही. कामच उलट्या टोकाकडून सुरू झालेले असते. विश्वस्त आणि पाहुणे आधी भेटतात, परीक्षा विभागाला सर्वांत शेवटी कळते. आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाचते की बुडते, हे परीक्षा विभागातच ठरते.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी परदेशी सहकार्याची रोजची कागदपत्रे हाताळतो. आमचा आग्रह एकच आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे मोजमाप; परदेशातल्या कोणत्या अभ्यासाला इथे किती क्रेडिट आणि गुण मिळतील, याचा तक्ता आधी तयार करा, सही नंतर करा.

कायद्याने आपल्याला काय करता येते, ते मात्र त्याही आधी पाहून घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची असते आणि परदेशात मिळवलेले क्रेडिट ३० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. जॉइंट डिग्रीत दोन्ही संस्थांचे मिळून एकच प्रमाणपत्र असते आणि प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. ड्युअल डिग्रीत पदव्या दोन, पण त्यातही भारतीय संस्थेकडचे क्रेडिट किमान ३० टक्के हवेत. नॅकचे किमान ३.०१ गुण असलेल्या किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरांत असलेल्या भारतीय संस्थेला, टाइम्स हायर एज्युकेशन वा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी संस्थेबरोबर आयोगाच्या वेगळ्या मंजुरीशिवाय हे कार्यक्रम राबवता येतात. फ्रँचायझी पद्धतीला स्पष्ट मनाई आहे. 'अमुक परदेशी विद्यापीठाची पदवी तुमच्याच इमारतीत देऊ' असे सांगणारा एजंट आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. परदेशी संस्थांशी संधान बांधून दिल्या जाणाऱ्या अशा पदव्यांना मान्यता नाही, अशी जाहीर सूचना आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेली आहे.

गोम अशी की पदवी महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देते. संलग्न महाविद्यालयाने स्वतःच्या लेटरहेडवर ड्युअल डिग्रीचा करार केला, तर त्याच्या आधारे कोणालाही पदवी मिळत नाही. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, त्यामुळे बाहेरचे क्रेडिट मान्य करणे बरेचसे त्याच्या अभ्यास मंडळाच्या आणि विद्या परिषदेच्या हातात येते. पदवी तिथेही विद्यापीठाचीच. संलग्न महाविद्यालयाला सममूल्यतेसाठी विद्यापीठाचे दार ठोठवावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी विद्यापीठात स्वतंत्र मंडळ दिले आहे. पहिले पत्र तिकडे जाऊ द्या, परदेशात नंतर. बहुतेक महाविद्यालयांना पदवीच्या मागे लागण्याची गरजही नाही. एका सत्राची विद्यार्थी-अदलाबदल नीट चालली, तरी पुष्कळ झाले.

आता तक्ता. आपल्याकडे पदवीचे एक वर्ष म्हणजे ४० ते ४४ क्रेडिट. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिथल्या पद्धतीचे क्रेडिट), ब्रिटनमध्ये १२०, अमेरिकेत साधारण ३०. म्हणजे आपल्या २० ते २२ क्रेडिटच्या सत्राला युरोपचे ३० ईसीटीएस समोर येतात. इथपर्यंत सोपे वाटते. भांडण होते ते तासांवरून. आपण १५ तासांच्या वर्गाला एक क्रेडिट देतो, ईसीटीएसमध्ये एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात आणि त्यात घरचा अभ्यास, वाचन, निबंध, परीक्षेची तयारी सगळे येते. तिथला आठवड्याला दोन तासांचा, १४ आठवड्यांचा विषय ६ ईसीटीएसचा असू शकतो. आपला परीक्षा विभाग २८ तास बघतो आणि दोन क्रेडिटसुद्धा जेमतेम देतो. असे पाच विषय केलेला विद्यार्थी तिथे पूर्ण सत्र उत्तीर्ण होतो आणि इथे त्याच्या खात्यात नऊ क्रेडिट पडतात. उरलेल्या तेरांचे काय करायचे, हा प्रश्न तो परत आल्यावर उपस्थित होतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला कोणी जागेवर नसते.

तोडगा आपल्याच चौकटीत आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास, स्वाध्यायासह. ईसीटीएसही याच भाषेत बोलते. तेव्हा वर्गाचे तास मोजत न बसता 'तिथले पूर्ण सत्र बरोबर इथले पूर्ण सत्र' हे प्रमाण अभ्यास मंडळाकडून ठरावाने मंजूर करून घ्यावे आणि तो ठराव कराराला जोडावा. ठरावाची तारीख विद्यार्थ्याच्या विमानाच्या तारखेच्या आधीची असावी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

विषयाला विषय जुळवण्याचा अट्टाहासही सोडावा. मुंबईच्या तिसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राचा पेपर जर्मनीतल्या लीपझिगमध्ये तसाच्या तसा मिळणार नाही, मिळू नये. मुख्य विषयाचे दोन पेपर आशयाने जवळचे आहेत का, एवढे विभागप्रमुखाने पाहावे. बाकीचे क्रेडिट खुल्या ऐच्छिक विषयांत, क्षेत्र-प्रकल्पात किंवा कौशल्य विषयांत बसवावेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या रचनेत अशा जागा आहेत. ज्या सत्रात त्या अधिक, ते सत्र परदेशासाठी राखून ठेवावे.

गुणांचे रूपांतर हा दुसरा खड्डा. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण आणि ५.० नापास. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये १.३ टाकले की विद्यार्थी नापास दिसतो. ब्रिटनमध्ये ७० ला प्रथम श्रेणी मिळते. तिथले ६२ चांगले गुण आहेत, पण आपल्या पट्टीवर ते साधारण वाटतात. जर्मन विद्यापीठे आपले गुण बदलून घेताना सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहाच्या पट्टीवर उत्तीर्णतेची मर्यादा ४ धरली, तर ८.५ चे १.७५ होतात. उलट दिशेसाठीही असाच लेखी तक्ता हवा. तो करणे जमत नसेल, तर परदेशातले विषय फक्त 'उत्तीर्ण' म्हणून नोंदवून सरासरीतून वगळावेत. दोन्ही पद्धती चालतात. काहीच न ठरवणे चालत नाही. एबीसी खात्यात, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या राष्ट्रीय खात्यात, हे क्रेडिट आपल्याच बाजूने चढवावे लागतील, तेव्हा ते काम कोणाकडे, हेही तक्त्याखाली लिहून टाका.

वेळापत्रकाकडे करार करताना फारसे कोणी बघत नाही. मुंबईचे विषम सत्र जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षेने संपते. जर्मनीचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. हिवाळी सत्राला गेलेला विद्यार्थी आपली पाचव्या सत्राची परीक्षा चुकवतो आणि सहाव्याचे निम्मे वर्गही. एका सत्रासाठी दोन सत्रे पणाला लागतात. त्यापेक्षा तिथले उन्हाळी सत्र बरे. त्याची व्याख्याने एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात, त्यात आपली मे महिन्याची सुट्टी येते आणि जून-जुलैचे काही आठवडेच बुडतात. चौथ्या सत्राची परीक्षा मार्चअखेर उरकली की झाले, आणि स्वायत्त महाविद्यालयाला ते जमते. ऑस्ट्रेलियाचे दुसरे सत्र जुलैच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आपल्या विषम सत्रावर जवळजवळ चपखल बसणारे. जपानचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ब्रिटनचे पहिले सत्र सप्टेंबरअखेर सुरू होते, पण तिथल्या परीक्षा काही ठिकाणी जानेवारीत असतात; पाहुण्या विद्यार्थ्यांचे मूल्यमापन नाताळाआधी कराल का, हे करार करतानाच विचारावे. मुंबईत युरोपचे आकर्षण मोठे आहे आणि ऑस्ट्रेलिया महाग पडतो हे मान्य, पण भागीदार निवडताना दिनदर्शिका समोर ठेवली तर निम्मे त्रास सुरू होण्याआधीच संपतात.

ज्याची केटी (नापास झालेला विषय) बाकी आहे, त्याचे नाव पाठवू नये, मुलगा कितीही हुशार असला तरी. केटीची परीक्षा नेमकी तो तिथे असताना येते. हजेरीच्या पोर्टलवर परदेशी गेलेल्यांसाठी वेगळी नोंद करून ठेवावी, नाहीतर ७५ टक्क्यांच्या नियमात ते ब्लॅकलिस्टमध्ये जातात आणि हॉल तिकीट अडते. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हप्त्यावर परिणाम होईल का, हे संबंधित विभागाला आधी लेखी विचारून घ्यावे.

भागीदार शोधताना क्रमवारीतले मोठे नाव धरून बसण्यात अर्थ नाही. मोठ्या विद्यापीठाकडे जगभरातून अशी पत्रे येत असतात. मध्यम आकाराची संस्था, तिथला एखादा विभाग आणि आपल्याकडचा तोच विभाग, दोन्हीकडे विषयाची खरी ओढ असलेला एकेक प्राध्यापक, एवढ्यावर भागीदारी उभी राहते. पहिली ईमेल कुलगुरूंना पाठवू नका. विभागाच्या अदलाबदल समन्वयकाला किंवा आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पाठवा, आणि ती महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरून जाऊ द्या. प्राचार्यांच्या जीमेलवरून गेलेले पत्र तिकडे संशयाने पाहिले जाते आणि प्राचार्य निवृत्त झाले की पत्रव्यवहारच नाहीसा होतो. सोबत एक पानाची माहिती जोडा: इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय, त्यांचे क्रेडिट, सत्राच्या तारखा, राहण्याची सोय, संपर्काची व्यक्ती. महाविद्यालयाचा शतकभराचा इतिहास दोन ओळींत आटोपा. ऑगस्टमध्ये युरोपातून उत्तर येणार नाही, नाताळातही नाही. समोरच्याकडे इंग्रजीतून पदवीचे किती विषय शिकवले जातात, ते त्यांच्या चालू वर्षाच्या यादीत मोजा. अनेक जर्मन आणि फ्रेंच संस्थांत पदव्युत्तर विषय इंग्रजीतून भरपूर असतात, पदवीचे मोजके.

करारावर आपल्याकडून सही कोण करणार, हा प्रश्न परदेशी विधी विभाग हमखास विचारतो. मुंबईतली बहुतेक महाविद्यालये शिक्षण संस्थेच्या न्यासाखाली आहेत. कायदेशीर व्यक्ती न्यास आहे, महाविद्यालय नव्हे. महाविद्यालय विकास समितीचा आणि न्यासाचा ठराव हाताशी ठेवा, म्हणजे तीन महिने वाचतात. सामंजस्य करार दोन पानांचा पुरे. खरा मजकूर अदलाबदलीच्या जोडपत्रात असतो: वर्षाला किती विद्यार्थी, शुल्क मायदेशीच भरायचे, एकाच्या पूर्ण वर्षाबदल्यात दोघांचे एकेक सत्र धरायचे, नावे कळवायची तारीख, विमा कोणी काढायचा, लैंगिक छळाची तक्रार कोणत्या समितीकडे जाईल, विद्यार्थ्यांची माहिती कशी जपायची, आणि करार मध्येच संपला तर तेव्हा शिकत असलेले विद्यार्थी सत्र पूर्ण करतील हे कलम. हे शेवटचे कलम विसरले जाते. सुरुवातीला दोन्हीकडून दोन-दोन विद्यार्थी पुरे. दहा-दहा लिहून ठेवले आणि तिकडून कोणी आलेच नाही, तर तोल बिघडतो आणि समोरचे कार्यालय आपल्या मुलांच्या जागा गोठवते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलूया. शुल्कमाफी म्हणजे फुकट नव्हे. जर्मनीच्या व्हिसासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवणाऱ्या खात्यात, महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात; सहा महिन्यांचे ५,९५२. एक युरो शंभर रुपयांचा धरला, तरी सहा लाखांच्या घरात रक्कम जाते, विमानभाडे वेगळे. असा कार्यक्रम ठरावीक घरांतल्या मुलांपुरताच राहतो आणि मग तो महाविद्यालयाचा कार्यक्रम आहे असे म्हणणे कठीण होते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेची मदत इथे उपयोगी पडते. भारतातून युरोपात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळतो. मात्र अर्ज आपण करू शकत नाही, युरोपातली संस्था करते, आणि तिच्याकडे इरॅस्मस सनद असावी लागते. अर्जाची मुदत बहुधा फेब्रुवारीत असते, तेव्हा दिवाळीच्या सुमारास त्यांना आपले विषय, विद्यार्थीसंख्या आणि तक्ता लिहून द्यायला हवा. ज्या कार्यालयाला अर्जाचे आयते परिच्छेद मिळतात, ते पुढच्या वर्षीही आपल्याला विचारते.

ही रक्कम युरोपीय विद्यापीठाने थेट विद्यार्थ्याला द्यावी. न्यासाच्या खात्यात परदेशी अनुदान आले, की एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) लागू होतो: नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते आणि दरवर्षीचे विवरणपत्र. परदेशी विद्यार्थ्याने भरलेले शुल्क यात मोडत नाही, पण संयुक्त परिसंवादासाठी 'सहकार्य' म्हणून आलेले दोन हजार युरो मोडू शकतात. सनदी लेखापालाला परिसंवाद झाल्यावर सांगू नका. शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला परदेशी आतिथ्य स्वीकारण्याआधी केंद्राची परवानगी लागते, हेही निमंत्रण आल्यावर नव्हे, त्याआधी माहीत असावे.

आतापर्यंत जाणाऱ्यांबद्दल लिहिले. भागीदारी टिकते ती येणाऱ्यांवर, आणि आपली खरी दुर्बलता तिथे आहे. परदेशी विद्यार्थी मुंबईत आपला सर्वसाधारण बीकॉमचा वर्ग करायला येणार नाही. तो येईल या शहरासाठी. कान्हेरी आणि घारापुरीची लेणी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ओव्हल मैदानाच्या एका बाजूची व्हिक्टोरियन आणि दुसऱ्या बाजूची आर्ट डेको इमारतींची रांग, गिरणगावाचा इतिहास, खारफुटी आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव, बिबट्यांसह शहराच्या मधोमध असलेले राष्ट्रीय उद्यान, चित्रपटसृष्टी, शेअर बाजार. यांतून वेगवेगळ्या विभागांचे इंग्रजीतले पाच विषय निवडा, आपल्या आणि त्यांच्या मुलांना एकत्र बसवा, जुलै ते नोव्हेंबर असे ३० ईसीटीएसचे एक पूर्ण सत्र बांधा. हे काम एकदाच करावे लागते. एकट्या महाविद्यालयाला पाच विषय जमत नसतील, तर शेजारच्या दोन महाविद्यालयांनी मिळून करावे. चर्चगेट ते मरीन लाइन्स किंवा दादर ते माटुंगा या पट्ट्यात हे अवघड नाही, अवघड असतो तो संस्थांचा मान.

राहण्याची सोय आधी पाहा. वसतिगृहात दोन खोल्या राखून ठेवता आल्या, तर पुढचे अर्धे प्रश्न मिटतात. पेइंग गेस्ट म्हणून ठेवायचे तर सोसायटी कुरकुर करते, अनामत मोठी मागितली जाते आणि मालकाला परदेशी पाहुण्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरायचा असतो हेच ठाऊक नसते. परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांत तो ऑनलाइन भरावा लागतो, वसतिगृहालाही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा अधिकचा असेल, तर विद्यार्थ्याला आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी महाविद्यालयाचे बोनाफाइड लागते. त्या पत्रावर सही करणारा माणूस रजेवर असेल, तर पर्यायी सही कोणाची, हे ठरवून ठेवा. आणि जुलैत येणाऱ्याला पावसाची, लोकलच्या गर्दीची आणि पाणी तुंबल्यावर काय करायचे याची सूचना पहिल्याच ईमेलमध्ये द्या.

ज्यांना यातले काहीच लगेच शक्य नाही, त्यांनी ऑनलाइन सहअध्यापनाने सुरुवात करावी. दोन क्रेडिटच्या खुल्या ऐच्छिक विषयात सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, दोन देशांतले विद्यार्थी मिश्र गटांत एकच प्रकल्प करतात आणि गुण ज्याचे त्याचे प्राध्यापक अंतर्गत मूल्यमापनात देतात. याला विद्यापीठाची सममूल्यता लागत नाही, व्हिसा लागत नाही. दुपारी अडीचला इथे वर्ग लावला, तर बर्लिनमध्ये हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. न्यूयॉर्कसाठी संध्याकाळी साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळे सरकतात आणि अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. नेमका तेव्हा अर्धा वर्ग एक तास चुकतो. पहिला आठवडा कामाचा ठेवू नये, ओळखीला द्यावा, नाहीतर गट दोन देशांत फुटतात. बरेचसे टिकाऊ करार अशा सहा आठवड्यांनंतरच व्हावेत, असे आमचे मत आहे, कारण तोवर समोरचा प्राध्यापक वेळ पाळतो की नाही ते कळलेले असते.

जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची इस्टिट्यूटो युरोपिओ दी डिझाइन या पाच संस्थांना नवी मुंबई परिसरातल्या शैक्षणिक संकुलासाठी इरादापत्रे देण्यात आली. ज्यांना परवडेल त्यांना परदेशी पदवी लवकरच हार्बर लाइनच्या टप्प्यात मिळेल. त्यांच्याशी स्पर्धा करण्याऐवजी त्यांच्याकडेच तक्ता घेऊन जावे, असे आम्हाला वाटते. तिथल्या एखाद्या विषयाचे क्रेडिट आपल्या विद्यार्थ्याला मिळाले, तर ना ब्लॉक्ड खाते लागेल ना व्हिसा.

आता मागणी. एका प्राध्यापकाचा आठवड्याचा चार तासांचा कार्यभार कमी करा, कार्यालयातला एक कर्मचारी या कामासाठी नेमा आणि ही जबाबदारी तीन वर्षे त्यांच्याकडेच राहू द्या. दरवर्षी समन्वयक बदलला, तर परदेशातल्या कार्यालयाला दरवर्षी नव्याने ओळख करून द्यावी लागते. दोघांनाही विद्या परिषदेच्या बैठकीत बोलावून बोलू द्या. क्रेडिट-तक्त्याचा आणि अदलाबदलीच्या जोडपत्राचा कोरा नमुना आमच्याकडे आहे. जे महाविद्यालय हे दोन लोक नेमेल, त्याच्या अभ्यास मंडळासमोर बसून तो भरून द्यायला आम्ही येऊ.

आपले,
मुंबईतील महाविद्यालयांत परदेशी सहकार्याचे काम पाहणारे काही प्राध्यापक व कर्मचारी